बॅग आपली, पण आतले सामान कुणाचे?

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली की काउंटरवरची मुलगी विचारते, "बॅग तुम्ही स्वतःच भरली आहे का?" आपण तिच्याकडे न बघताच मान हलवतो. आपले सगळे लक्ष किलोच्या आकड्याकडे असते. वजन जास्त भरले तर काय काढायचे, चपला की खजुराचा रिकामा डबा, याची चिंता असते. पण खरे सांगायचे तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर द्यायला हवे.

आपल्या घरांत परदेशी जाणारा माणूस कधी एकट्याचे सामान घेऊन निघत नाही. उमराहचा व्हिसा आला ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पोहोचते. मग कुणी जेद्दाहमधल्या जावयासाठी लोणचे आणते, कुणी दुबईतल्या मुलासाठी चकल्या, कुणी नातवासाठी स्वेटर. येताना तोच माणूस आबे जमजम, तसबीह आणि खजूर सगळ्यांना वाटतो. या देण्याघेण्यात माया आहे. ती तुटावी असे मला मुळीच वाटत नाही. पण या चालीरीतीचा एक धोका मी स्वतः बघितला आहे आणि त्याबद्दल बोलायला आपण संकोचतो, म्हणून आज हा विषय घेतला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अम्मी, भाईजान आणि मी उमराहला निघालो. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारच्या खाला एक डबा घेऊन आल्या. झाकणाभोवती चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यांचा मुलगा जेद्दाहला नोकरीला आहे. म्हणाल्या, "बेटी, एवढी अमानत पोहोचव. तो तुमच्या हॉटेलवर येऊन घेऊन जाईल."

मी म्हटले, "खाला, डबा एकदा उघडून बघू का?"

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यावर शक घेतेस? तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी." अम्मीनेही माझ्याकडे रागाने पाहिले. तरी मी कात्री आणली. आत चिवडा होता, घरचा मसाला होता, आणि शीरखुर्म्याची तयारी म्हणून चारोळी, खारीक व खसखशीची पुडी होती. शिवाय कागदात बांधलेल्या दहा-बारा गोळ्या होत्या. मुलाची कंबर दुखते म्हणून जवळच्या दवाखान्यातून आणलेल्या. गोळ्यांवर नाव नाही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी नाही.

खालांच्या मनात काही काळेबेरे नव्हते. पण खसखस हे अफूच्या बोंडातले बी आहे आणि सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातली वस्तू तिकडच्या कस्टमच्या यादीत अमली पदार्थांच्या रांगेत बसते. गोळ्यांचेही तसेच. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या आखाती देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. नाव नसलेली गोळी नेमकी कोणती, हे मला सांगता आले नसते आणि खालांनाही. मी पुडी आणि गोळ्या परत दिल्या, बाकीचा डबा नेला. खाला काही न बोलता निघून गेल्या.

मी एवढी कडक का वागले, हे समजण्यासाठी मुंबईच्या एका जोडप्याची हकीकत आठवावी लागेल. 2019च्या जुलैमध्ये हे नवराबायको कतारची राजधानी दोहा इथे फिरायला गेले. सहलीचा खर्च नात्यातल्याच एका बाईंनी भेट म्हणून केला होता. जाताना एक पाकीट दिले आणि तिथल्या ओळखीच्या माणसासाठी जर्दा आहे असे सांगितले. दोहाच्या विमानतळावर त्या सामानातून 4 किलोहून अधिक चरस निघाला. दोघांना प्रत्येकी 10 वर्षांची कैद आणि 3 लाख रियाल दंड झाला. बायको तेव्हा गरोदर होती. तिची मुलगी 2020च्या फेब्रुवारीत तुरुंगातच जन्मली.

इकडे त्यांच्या घरच्यांनी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे धाव घेतली. फोनवरच्या संभाषणाचे रेकॉर्डिंग तपासात उपयोगी पडले, दूतावासाने पाठपुरावा केला, आणि 29 मार्च 2021 रोजी न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. एप्रिलमध्ये ते बाळाला घेऊन मुंबईला परतले. निर्दोष असूनही जवळजवळ पावणेदोन वर्षे परक्या देशाच्या तुरुंगात गेली. आणि पाकीट देणारे कुणी अनोळखी नव्हते, घरचेच होते.

अशीच दुसरी घटना 2023च्या एप्रिलमधली. मुंबईच्या एका अभिनेत्रीला वेबमालिकेच्या ऑडिशनसाठी म्हणून शारजाला पाठवले गेले आणि सोबत एक ट्रॉफी दिली गेली. त्या ट्रॉफीत अमली पदार्थ सापडले आणि तिला तीनेक आठवडे तुरुंगात काढावे लागले. तिला मुद्दाम अडकवल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने दोघांना अटक केली. सुटका झाल्यावरही ती मायदेशी पोहोचली ती ऑगस्टमध्ये.

कधी तर आपण काहीच घेतलेले नसते, तरी संकट येते. नायजेरियातल्या कानो शहरातली एक विद्यार्थिनी 2018च्या डिसेंबरमध्ये आई आणि बहिणीबरोबर उमराहला गेली. कानोच्या विमानतळावर कुणीतरी ट्रॅमाडॉलने भरलेल्या एका बॅगेवर तिच्या नावाचा टॅग लावला होता. सौदीत तिला अटक झाली. तिच्या देशात तपास झाला, खरे गुन्हेगार पकडले गेले, तेव्हा एप्रिल 2019च्या अखेरीस ती सुटली.

कायद्याची अडचण अशी आहे की बॅग ज्याच्या नावावर, माल त्याचा, असे आधी धरले जाते. "मला माहीत नव्हते" हे सिद्ध करायची जबाबदारी व्यवहारात आपल्यावरच येऊन पडते. तीही अशा देशात, जिथे न्यायालयाची भाषा अरबी आणि वकील अनोळखी. सौदीत अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येक प्रवाशाने, विशेषतः पहिल्यांदा निघालेल्या वडीलधाऱ्यांनी पाळाव्यात.

आपली बॅग आपण स्वतः भरा. दुसऱ्याची वस्तू घ्यायचीच असेल तर देणाऱ्यासमोर उघडून, एकेक जिन्नस पाहून घ्या. शिवलेली उशी, सीलबंद डबा, आतून जड वाटणारी शोभेची वस्तू, टाचेला जाड असलेल्या चपला, असे काही घेऊ नका. वस्तूचा फोटो काढून ठेवा. देणाऱ्याने काय दिले आणि कुणासाठी दिले, ते त्याच्याकडूनच व्हॉट्सॲपवर लिहून मागा. कुणी फुकट तिकीट देऊन वर एक पाकीट नेण्याची अट घालत असेल, तर ते तिकीटच परत करा.

औषधे मूळ वेष्टनात ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि रसायनाच्या नावासह घ्या, म्हणजे केवळ कंपनीचे नाव नको. झोपेचे, नैराश्याचे किंवा तीव्र वेदनांचे औषध चालू असेल तर त्या देशाची आगाऊ परवानगी लागते का, हे निघण्यापूर्वी तपासा. खसखस आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा.

काउंटरवर बॅगा दिल्या की टॅगच्या पावत्या मोजा. दोन बॅगा असतील तर दोनच पावत्या हव्यात आणि त्यांवरचे नाव व वजन जुळायला हवे. ग्रुपबरोबर असाल तर सगळ्यांचे सामान एकाच्या नावावर चढवू देऊ नका. रांगेत कुणी गोड बोलून "माझी एक पिशवी तुमच्यात घ्या" म्हणाले, तर माफी मागून नकार द्या.

परतीच्या वाटेवरही हाच नियम. "हे कडे फक्त हातात घालून जा, मुंबईला माझा माणूस घेईल" असे सांगणारे दुबईत भेटतात. दागिन्यांवरची जी करमुक्त सवलत आपण ऐकतो, ती वर्षभराहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. दहा दिवस फिरून येणाऱ्याला ती लागू होत नाही. दुसऱ्याचे सोने अंगावर घालून आणणे ही तस्करीच आहे आणि पकडले गेलो तर तो "माणूस" ओळखसुद्धा दाखवत नाही.

इतके करूनही अडकलोच, तर घाबरून कोणत्याही अरबी कागदावर सही करू नका. दुभाषी मागा. 1963च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवा असे सांगण्याचा हक्क आहे, तो ठामपणे मागा. दूतावास आपल्याला सोडवून आणू शकत नाही, पण तुरुंगात भेट, वकिलांची माहिती आणि घरच्यांना निरोप ही कामे करतो. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची एक प्रत घरी कुणाकडे तरी असलीच पाहिजे.

आता खालांच्या प्रश्नाकडे येते, "शक घेतेस का?" अमानत हा शब्द त्यांनी वापरला होता, आणि अमानत हकदाराला पोहोचवण्याची ताकीद सूरह निसामध्ये आहे हे मलाही ठाऊक आहे. पण मी काय सांभाळायचे आहे हेच मला माहीत नसेल, तर मी ते सांभाळणार कसे? अमानतीत देणाऱ्यावरही जबाबदारी येते. घेणाऱ्याच्या गळ्यात माहीत नसलेले ओझे अडकवू नये, हे त्याने पाहायला हवे. म्हणून यापुढे पार्सल देणाऱ्यानेच डबा उघडा आणावा, "बघून घे" असे स्वतः म्हणावे. मग कुणाला विचारायलाही नको आणि कुणाला वाईट वाटायलाही नको.

उमराहहून परतल्यावर खाला जमजम घ्यायला आल्या. मुलाची खुशाली विचारली, डब्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचे भांडे आले. खसखस नेहमीपेक्षा जरा जास्तच होती.

या रमजानमध्ये त्यांची सून जेद्दाहला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी खालांनी मला घरी बोलावले. बॅग पलंगावर उघडी होती. म्हणाल्या, "टीचर, एकदा नजर टाक." आम्ही तिघींनी मिळून सगळे सामान बाहेर काढले आणि पुन्हा भरले. सुनेला मी एवढेच सांगितले, की काउंटरवरच्या मुलीने विचारले तर तिच्याकडे बघून उत्तर दे.