वायच ज्यास्त

गेल्या रविवारी फोनवर मामेभावाशी कडाक्याचं भांडण झालं. कारण ऐकून हसाल. पेट्रोलमधे तेल किती घालायचं! आमच्या घराण्यात जमिनीवरून, मानपानावरून, गणपतीच्या आरतीवरून भांडणं झालेली आहेत, पण तेलावरून ही पहिलीच. त्याने फोन आपटला (आता आपटता येत नाही म्हणा, बंद केला). माझं बोलणं अर्धं राहिलं, ते इथे पुरं करतो. तो हे वाचतो, मला माहीत आहे.

देवबागला त्याची छोटी फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे टांगलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. मोटारीच्या इंजिनात तेल खाली वेगळं साठलेलं असतं, इथे तसं नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीतून जातात, आणि पेट्रोलात कालवलेलं तेलच जाता जाता बेअरिंगं, पिस्टन, सिलिंडर यांना वंगण देऊन जळून जातं. टाकीत नसेल तर कुठेच नाही. जुन्या चेतक, लूनावाल्यांना पंपावरचं ते तेल आठवत असेल. फरक एवढाच, की स्कूटर बंद पडली तर ढकलत घरी नेता येते.

दोन वर्षांपूर्वी भाचा आणि त्याचा मित्र होडी घेऊन निघाले. भाच्याला वाटलं, तेल बाबांनी घातलं. बाबांना वाटलं, पोरगा घालील. इंजिन छान सुरू झालं. हीच तर यातली फसवणूक आहे, आधीच्या तेलाचा ओलावा थोडा वेळ पुरतो आणि काही कळत नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, भर ओहोटीत, पूर्ण वेगात असताना ते जाम झालं. दोरी ओढली तर हलेना. होडीत एक वल्हं. पाणी बाहेर ओढतंय. नांगर टाकला तो एकदाचा धरला म्हणून, नाहीतर... असो. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. वहिनी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

यावरून आमच्या दादाने काय धडा घ्यावा? "आता मी वायच ज्यास्तच घालतंय. ज्यास्त घातला तर काय बिघाडता?"

दादा, बिघडतं! कार्बोरेटरच्या बारीक भोकातून जायचं तेवढंच मिश्रण जाणार. त्यात तेलाचा वाटा वाढवला की पेट्रोलचा कमी होतो. म्हणजे जास्त तेल घालून तू इंजिनाला पेट्रोल कमी पाजतोस. वर प्लग काळा होतो, रिंगा कार्बनने चिकटतात, निम्मं जळतं आणि उरलेलं धुराबरोबर पाण्यात उतरतं. खाडीवर इंद्रधनुष्याचा तवंग दिसतो ना, तो हा. आणि प्लग मेला की होडी तिथेच तरंगत राहते, जिथे तेल नसताना राहिली होती. पोराला काय फरक पडला?

पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली. तुझ्या २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. हे गणित चौथीतल्या मुलाला येतं. तू घालतोस बिसलेरीच्या बाटलीने, "ह्या एवढा", बोट दाखवून. परत टाकीत आधीचं मिश्रण किती उरलंय ते न बघता! शिवाय सगळ्या इंजिनांचं प्रमाण एक नसतं. काहींना शंभरास एक चालतं, नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास दुप्पट तेल लागतं. ते पुस्तिकेत छापलेलं असतं. तुझी पुस्तिका देव्हाऱ्यामागे आहे, मी पाहिली आहे.

स्कूटरचं तेल घालायचं हेही बंद कर. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं ते तेल, त्याची राख प्लगवर बसते. आउटबोर्ड पाण्याने थंड होतं, त्याच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' असं लिहिलेलं असतं. महाग आहे, मान्य. नवा पिस्टन किती महाग होता?

आणि पावसाळ्याआधीचं उरलेलं मिश्रण गणपतीनंतर वापरायचं नाही. पूर्वी कदाचित खपलं असेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी फार झालं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि तेल राहतं वरच्या पेट्रोलात. नळी तर तळातून ओढते.

"तीस वर्सा करतंय" हे त्याचं शेवटचं वाक्य होतं. पण तीस वर्षांत एकदा तरी मोजलंस का? वडिलांच्या वेळी वल्हं आणि शीड होतं, त्यांचा वाऱ्याचा अंदाज मी स्वतः पाहिलाय, त्याला हात जोडतो. वारा मोजायला त्यांच्याकडे काही नव्हतं. तुझ्याकडे आहे आणि तू वापरत नाहीस. त्यांचं नाव तू या अंदाजाला देऊ नकोस.

कालच खुणा असलेली अर्ध्या लिटरची बाटली कुरियर केली आहे. ४८०वर लाल पट्टी मारली आहे. टाकी होडीतून उतरवून वाळूवर ठेवायची (वाफ जड असते, होडीच्या तळात साठते), थोडं पेट्रोल, मग सगळं तेल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. तेल घातलं की झाकणाला चिंधी बांधायची, म्हणजे बापलेकांना एकमेकांना विचारायला नको.

वहिनी, बाटली आधी तुझ्याच हातात पडेल. कृपा करून तिच्यात कोकमाचं आगळ भरू नकोस.