डबल डेकर : शब्द राहिला, डबा गेला

बोईसर-तारापूरच्या रहिवाशांस 'डबल डेकर म्हणजे काय?' असे विचारले, तर उत्तर वयाप्रमाणे बदलेल असा आमचा कयास आहे. शाळकरी मुलगा मुंबईची विजेवरील वातानुकूलित बस सांगेल. एखादा अभियंता नागपूरच्या वर्धा मार्गावरील पुलाचे नाव घेईल. तेथे एका मजल्यावर मोटारी आणि त्यावरच्या मजल्यावर मेट्रो धावते. पन्नाशीपुढील नोकरदार मात्र एकच नाव घेईल : फ्लाइंग राणी.

शब्द मूळचा जहाजावरचा. मुंबईत 1937 साली दोन मजल्यांची बस आली आणि तो आपल्या बोलण्यात रुळला. 'दुमजली' हा आपला शब्द हाताशी असताना लोकांनी परका शब्द का उचलला, म्हणून हळहळणारे भाषाभिमानी आहेत. आम्ही त्यांत नाही. दुमजली असते ते घर, आणि ते मालकाचे वैभव. डबल डेकर ही तेवढ्याच जागेत अधिक माणसांची सोय. हा भेद सामान्य माणसाने कोशकारांची वाट न पाहता जाणला.

हीच सोय डिसेंबर 1979 मध्ये मुंबई-सुरत मार्गावरील फ्लाइंग राणीस मिळाली. डब्याचा मधला भाग दोन मजल्यांचा. खालच्या मजल्यावरील उतारूंस खिडकीतून फलाटावरील माणसांचे पायच तेवढे दिसत. पण बसावयास जागा मिळे, आणि पासधारकास त्याहून अधिक काय हवे असते? जुलै 2023 मध्ये हे डबे काढून नवे एकमजली डबे जोडण्यात आले. नवे डबे अधिक सुरक्षित आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. जुने डबे चव्वेचाळीस वर्षांनंतर थकले असतील, हेही मान्य. परंतु एका डब्यातील आसने घटली, आणि उतारू काही घटले नाहीत, त्याचे काय?

मुंबईची गोष्ट पाहा. तेथील जुनी डिझेलवरील डबल डेकर सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाली. पण तिची विजेवरील वारस त्याच वर्षी फेब्रुवारीत रस्त्यावर आलेली होती. शहरातील उतारूस जे मिळाले, ते पालघरच्या उतारूस का मिळू नये? 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, हे उत्तर पुरेसे नाही. तिच्या गर्दीचा अनुभव ज्यांस आहे, ते तसे म्हणणार नाहीत.

या गाडीसाठी नवे दुमजली डबे बांधण्याचा विचार आहे की नाही, हे पश्चिम रेल्वेने एकदा स्पष्ट सांगावे. नसल्यास निदान दुसऱ्या वर्गाचे जादा डबे जोडून गेलेली आसने भरून द्यावीत, आणि तेही येत्या वेळापत्रकापूर्वी.