अख्खा कॅनडा नको, एक तळं पुरे

कॅनडाला निघालेली ओळखीची माणसं भेटली की बहुतेकांच्या हातात एक यादी असते. टोरांटो, नायगारा, मॉन्ट्रियल, बॅन्फ, जॅस्पर, व्हँकुव्हर, आणि जमलंच तर नॉर्दर्न लाइट्स. हे सगळं दोन आठवड्यांत. काही जण मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला निघालेले असतात, काही नुसतेच फिरायला, पण खास या प्रवासासाठी नवा फोन किंवा कॅमेरा मात्र दोघांनीही घेतलेला असतो. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की ती यादी फाडा. एकच तुकडा निवडा आणि तिथे मुक्काम ठोका.

कॅनडाचं क्षेत्रफळ साधारण ९९.८ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या तिप्पट. देशात सहा वेगवेगळ्या वेळा चालतात. टोरांटोहून व्हँकुव्हरला जाणारी ‘द कॅनेडियन’ ही गाडी ४,४६६ किलोमीटर कापते आणि वेळापत्रकाप्रमाणे चालली तरी चार रात्री घेते. वाटेत मालगाड्यांना आधी रस्ता द्यावा लागतो, त्यामुळे तास-तास उशीर ठरलेलाच. त्या गाडीने जरूर जा, पण फोटोंचा हिशोब तिच्यावर बांधू नका. रॉकी पर्वत रात्री येईल की दुपारी, हे तुमच्या हातात नाही. आणि हाच प्रवास विमानाने केलात तर पाच तास ढगांवर. फोटो दोन्हीकडे हुकतो.

तुकडा कसा निवडायचा? मुक्काम कुणाकडे आहे ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. मुलं टोरांटोच्या आसपास असतील तर तीनेक तासांवर अल्गोंक्विन पार्क आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात मेपलच्या लाल रंगाची. टॉम थॉमसन हा चित्रकार याच जंगलात होडी घेऊन हिंडायचा आणि १९१७ साली इथल्याच कनू लेकमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची ‘द जॅक पाइन’ आणि ‘द वेस्ट विंड’ ही चित्रं आधी बघून जा. एकच वाकडं झाड, मागे पाणी, त्यामागे टेकड्या. संपलं. फोटोत किती कमी ठेवायचं, हे त्या चित्रांइतकं चांगलं मला कुठल्या कॅमेऱ्याच्या पुस्तकात सापडलेलं नाही. एक व्यवहाराची गोष्ट: रंगाच्या दिवसांत शनिवार-रविवारी पार्कचे दिवसाचे परवाने संपतात. आधी काढून ठेवा आणि जमलं तर मंगळवारी-बुधवारी जा.

मुलं व्हँकुव्हरला असतील तर पाऊस गृहीत धरा. पावसात कॅमेरा कसा सांभाळायचा हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! तिकडच्या उंच देवदारांना धुक्याशिवाय शोभा नाही, एवढंच सांगतो. हॅलिफॅक्सला असाल तर फंडीच्या उपसागराकडे जा. उपसागराच्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. होपवेल रॉक्सला ओहोटीच्या वेळी तुम्ही ज्या खडकांच्या पायथ्याशी चालता, त्यांच्याभोवती सहा-एक तासांनी लोक होड्या वल्हवत असतात. वरच्या कठड्यावरची एक जागा हेरा, ओहोटीला फोटो घ्या, जेवून या आणि त्याच जागेवरून भरतीला पुन्हा घ्या. वेळापत्रक आधी पाहून जा, समुद्र तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि पेगीज कोव्हच्या दीपगृहापाशी काळ्या, ओल्या खडकांवर पाऊल टाकू नका. तिथे लाट माणूस ओढून नेते. पाट्या लावल्यात त्या शोभेला नाहीत.

आता रॉकीज. खरं तर बहुतेकांना तिथेच जायचं असतं आणि त्यात काही चूक नाही. बॅन्फ हे कॅनडातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सुरुवात १८८५ सालची. कॅलगरीहून मोटारीने दीड तास. इथलं मोरेन लेक एकेकाळी वीस डॉलरच्या नोटेवर होतं आणि आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात तरंगतं आणि त्यावरून उजेड परततो, म्हणून पाणी निळं-हिरवं दिसतं. वितळलेलं पाणी भरपूर येऊ लागलं की रंग चढतो, म्हणजे जूनच्या अखेरीपासून पुढे. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर बर्फाचे तुकडेही तरंगताना दिसतील. तेही छान, पण नोटेवरचा रंग नाही म्हणून मग चिडू नका.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पहाटेच गेलं पाहिजे, नाहीतर काही मिळत नाही, असं सगळे सांगतात. पहाटे शिखरांच्या टोकांवर गुलाबी ऊन येतं आणि पाणी आरशासारखं असतं, हे खरं. पण तेव्हा तळं सावलीत असतं. पाण्याचा रंग ऊन वर आल्यावरच उघडतो. म्हणजे दोन वेगळे फोटो आहेत आणि दोन्ही हवे असतील तर मध्ये चार-पाच तास तिथेच बसावं लागतं. तेवढा वेळ कुणी बसत नाही. शटलमधून उतरतात, दगडांच्या ढिगाऱ्यावर चढतात, लाल जॅकेट घालून पाठमोरे उभे राहतात आणि परतीच्या बसच्या रांगेत लागतात. तुम्ही ढिगाऱ्यावरून एक फोटो घ्या आणि खाली उतरा. काठाकाठाने पायवाट जाते, गर्दी तिथे विरत जाते. पाण्यात पडलेले ओंडके, शेवाळलेला दगड, त्यामागे शिखराचा एकच तुकडा. पुढे काहीतरी जवळचं असलं की मागचं दूरचं मोठं वाटतं.

यावरून आणखी एक. डोंगर डोळ्यांना अंगावर आल्यासारखे वाटतात आणि फोटोत मात्र वाळूच्या ढिगाएवढे दिसतात, ही सगळ्यांची तक्रार असते. सगळं मावावं म्हणून आपण वाइड लावतो आणि वाइड डोंगराला मागे ढकलतं. फोनमध्ये तीन पट किंवा पाच पट झूम असेल तर तो वापरा. एक हिमनदी, एक कडा, कड्याखाली झाडांची रांग, एवढंच घ्या. उरलेलं सोडून द्या.

उजेडाचा हिशोबही आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं. बॅन्फमध्ये जूनला सूर्यास्त रात्री दहाच्या सुमाराला आणि त्यानंतरही पाऊण तास चांगला संधिप्रकाश. म्हणून जेवण संध्याकाळी सहालाच उरका आणि मग बाहेर पडा. हॉटेलातली बाकीची मंडळी तेव्हा जेवायला बसलेली असतात, रस्ते मोकळे मिळतात. मात्र घड्याळातला सूर्यास्त वेगळा आणि दरीतला वेगळा. पश्चिमेला उंच शिखर असेल तर ऊन दीड-दोन तास आधीच जातं. दिवसा एकदा जाऊन ऊन कुठून कुठे सरकतं ते बघून ठेवा.

लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा आइसफिल्ड्स पार्कवे हा रस्ता २३२ किलोमीटरचा आहे. लोक तो एका दिवसात जाऊन-येऊन उरकतात. मी म्हणेन, दोन रात्री द्या, नाहीतर अर्ध्यातूनच परत फिरा. मोबाइलला रेंज जवळजवळ नसते, नकाशा आधी उतरवून घ्या आणि निघताना पेट्रोल भरून निघा. बायरन हार्मन नावाचा बॅन्फचा फोटोग्राफर १९२४ साली घोड्यांचा तांडा घेऊन याच भागातल्या हिमक्षेत्राकडे गेला होता. दोन महिन्यांहून अधिक काळ रानात काढला. त्याच्यासारखं जा असं मी म्हणत नाही. पण त्याने ज्या डोंगराला दिवसचे दिवस दिले, त्याला आपण गाडीची काच खाली करून दहा सेकंद द्यायचे, हे मला पटत नाही.

धुराचंही सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये वणवे लागतात. २०२३ साली देशभर सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं, २०२४च्या जुलैत आग जॅस्पर गावात शिरली आणि गावातल्या जवळजवळ एक तृतीयांश इमारती गेल्या. धूर आला की शिखरं दिसेनाशी होतात. अशा दिवशी दूरचं सोडा आणि जंगलात शिरा. झऱ्यापाशी, पानांपाशी मऊ उजेड मिळतो. सप्टेंबरमध्ये हवा बऱ्याचदा स्वच्छ होते आणि महिनाअखेरीला लार्चची झाडं सोनेरी होतात. निवड तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरच निवडा. आणि जॅस्परला गेलात तर जळलेल्या घरांपुढे उभं राहून फोटो काढू नका. तिथे माणसं राहत होती.

प्राण्यांबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. अस्वल, लांडगा, प्यूमा यांच्यापासून किमान १०० मीटर. एल्क, हरीण, मूस, डोंगरी मेंढ्यांपासून ३० मीटर, हा राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाचा नियम आहे. ३० मीटर म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतं तेवढं. एल्क गावातल्या हिरवळीवर गायीसारखा चरत असतो, म्हणून लोक नातवाला शेजारी उभं करतात. सप्टेंबरात नर माजावर असतो आणि मे-जूनमध्ये मादीजवळ पिल्लू असतं. दोन्ही वेळा ते अंगावर येतात. रस्त्याकडेला अस्वल दिसलं तर गाडीतून उतरू नका. डब्यातला पराठा, चिवडा, केळ्याची साल, काहीही बाहेर ठेवू नका. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते. अस्वलाला हुसकावणारा बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथेच विकत किंवा भाड्याने घ्या आणि तो बॅगेच्या तळाशी नको, कमरेला हवा. ड्रोन तर राष्ट्रीय उद्यानांत बंदच आहेत, अगदी छोटेसुद्धा. दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

नॉर्दर्न लाइट्ससाठी जाणार असाल तर उत्तरेतलं यलोनाइफ हे खात्रीचं ठिकाण, पण जून-जुलैत जाऊ नका. तेव्हा तिथे रात्र नीट काळी होतच नाही. बहुतेक सहली डिसेंबर ते मार्चमध्ये नेतात, उणे तीसमध्ये. पन्नाशी ओलांडलेल्यांना माझा सल्ला सप्टेंबरचा. तळी गोठलेली नसतात, प्रकाश पाण्यातही पडतो आणि साध्या जाड कोटावर भागतं. निदान तीन रात्री हाताशी ठेवा, एखादी ढगात जाणारच. ट्रायपॉड लागेलच. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर बसवा, आयएसओ १६०० ते ३२००, आणि शटर पाच ते पंधरा सेकंद. प्रकाश नाचत असेल तर वेळ कमी करा, नाहीतर पडद्याच्या चुण्या पुसून नुसती हिरवी साय उरते. आधीच सांगून ठेवतो, डोळ्यांना तो बऱ्याचदा करडा, फिकट दिसतो. हिरवा रंग कॅमेऱ्याला जास्त दिसतो. जाहिरातीतला रंग डोळ्यांत भरून गेलेली माणसं तिथे हिरमुसतात.

थंडीत गेलातच तर बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बाहेर त्या बघता बघता बसतात. खरा घोटाळा परत आल्यावर होतो. गार कॅमेरा तसाच उबदार खोलीत आणला की त्याच्यावर आणि आतही दव धरतं. म्हणून दाराबाहेरच मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मगच आत या आणि दोन-तीन तास पिशवी उघडू नका. पाणी धरेल ते पिशवीच्या बाहेरून धरेल. दुसरं बर्फाचं. कॅमेरा बर्फाला करडा करतो, कारण इतकं पांढरं जगात काही असेल हे त्याला पटत नाही. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा. फोनवर पडद्याला बोट लावून उजेड वर सरकवला तरी चालतं.

फोटो माणसांचेही काढाल. आदिवासी समाजांच्या पॉवॉवला, म्हणजे नाच-गाण्यांच्या मेळाव्याला, गेलात तर सूत्रधार काय सांगतो ते ऐका, काही विधींच्या वेळी कॅमेरे खाली ठेवायला सांगतात. नर्तकाच्या अंगावरचा पोशाख हा वेष नाही, घराण्यातून आलेली वस्तू असू शकते. जवळून फोटो हवा असेल तर विचारा. आपल्या देवळात गाभाऱ्याचा फोटो कुणी न विचारता घेतला तर आपण काय म्हणतो?

मोरेन लेकच्या शटलचं मात्र आत्ताच मनावर घ्या. २०२३पासून तिथे खासगी गाड्या बंद आहेत. रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. गेल्या काही हंगामांत पार्क्स कॅनडाच्या शटलची आरक्षणं एप्रिलमध्ये सुरू झाली आणि बाकीच्या जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी तिथल्या सकाळी आठला खुल्या झाल्या. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. जाण्याआधी यंदाचे नियम एकदा बघून घ्या आणि परतीची वेळ शक्य तितकी उशिराची धरा.