थाळीचा हिशेब यंत्राकडे, पण धान्य कुणाकडे?

मार्च २०२० चा शेवटचा आठवडा आठवून बघा. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. आठवडी बाजार मोडले, एसटी थांबली, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं मिळेल त्या वाटेनं गावाकडं निघाली. कोथिंबीर, टोमॅटो रानातच सडले आणि गावातल्या मजुराच्या घरी मात्र भाजी नव्हती. भाव येईल म्हणून सोयाबीनची थप्पी राखून ठेवलेल्या घरातही भाकरीला ज्वारी नव्हती. सोयाबीन विकायचं आणि ज्वारी, डाळ, तेल सगळं विकत आणायचं, अशी सवय आपल्याला लागली होती. ज्यानं रब्बीला घरापुरती ज्वारी आणि बांधाला करडई पेरली होती, त्याची रास नुकतीच झाली होती. तो निवांत होता.

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात टप्प्याटप्प्यानं माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळालं. त्यानं पोट भरलं. पण नुसत्या गहू-तांदळानं अंग भरत नाही. गरोदर बाई, दूधपितं लेकरू, साखरेचा त्रास असलेला म्हातारा, यांच्या ताटात काय वाढायचं हा प्रश्न तसाच राहिला.

आता सांगतात की, पुढच्या साथीत हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्ता सोडवील. वय, वजन, आजार सांगा, यंत्र आहार आखून देईल. राज्य मंत्रिमंडळानंही जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाकृषी-एआय धोरण मंजूर केलं. मी या यंत्राच्या विरोधात नाही. पण मला आलेला अनुभव सांगतो. साखरेचा त्रास असलेल्या एका शेतकऱ्यासाठी मी मोबाईलवर आहार विचारला. उत्तरात ओट्स, ब्रोकोली, पनीर आलं. ते चाकूरच्या बाजारात शोधायचं कुठं? मग मी लिहिलं : घरात ज्वारी, तुरीची डाळ, कारळं, शेंगदाणे आहेत, रानात तांदुळजा आणि अंबाडी आहे. तेव्हा त्यानं नीट हिशेब मांडला. भाकरीसोबत घट्ट वरण घ्या, ज्वारीत जे कमी पडतं ते डाळ भरून काढते, एका वेळी भाकरी किती खायची तेही सांगितलं. म्हणजे आपण जेवढं सांगू तेवढंच यंत्राला कळतं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतल्या टोगो देशात दिसली. २०२० च्या साथीत तिथं गरिबांची धड यादीच नव्हती. उपग्रहाची चित्रं आणि मोबाईल वापराची माहिती यंत्राला देऊन गरीब कोण ते ठरवलं आणि मोबाईलवरच पैसे पाठवले. नुसता भाग पाहून मदत वाटण्यापेक्षा हे बरं ठरलं. पण नंतरच्या अभ्यासात असंही निघालं की, घराघराची पक्की नोंद असती तर याहून कमी गरीब सुटले असते. शिवाय ज्याच्याकडे फोनच नाही, त्याचं काय?

म्हणून ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडीताई आणि सरपंच मंडळींना माझं सांगणं आहे की, साथ येण्याआधी गावाची वही पक्की करा. एकटी म्हातारी माणसं कोणती, गरोदर बाया किती, कुणाचं नाव रेशनकार्डात चढलेलं नाही, कोण बाहेरगावी कामाला आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. चूक असेल तर लोकच दुरुस्त करतील. ही वही खरी असेल तरच यंत्राचा हिशेब खरा निघेल.

दुसरं असं की, यंत्राचा नकार हा शेवटचा शब्द मानू नका. खुरपं धरून घासलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, हे आपण रोज बघतो. साथीच्या काळात लाभार्थ्याच्या अंगठ्याशिवाय, दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य देण्याची सवलत राज्यात दिली होती. तेव्हा जमलं, तर अडचणीच्या वेळी नेहमीच जमलं पाहिजे. आधी धान्य द्यावं, नोंदीची दुरुस्ती मागाहून करावी. यंत्राला भूक लागत नाही, माणसाला लागते.

तिसरं आपल्या हातातलं. सोयाबीन सोडा असं मी म्हणत नाही, पैसा त्यातूनच येतो. पण घरापुरती ज्वारी, तुरीच्या दोन-चार ओळी, मूग, उडीद, बांधाला अंबाडी, परसात शेवगा एवढं तरी ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे खरीप ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. सोयाबीनही घरात खाता येतं. शंभर ग्रॅममध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात. मात्र कच्चं दळू नका. उकडून, वाळवून मगच गव्हात दहाव्या हिश्श्यानं मिसळा.

आपली येळवस बघा. ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे आणि तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या घातलेली भज्जी. धान्य, डाळ, भाजी, ताक सगळं एका पंगतीत. हा आहार कुणा यंत्रानं आखून दिलेला नाही, आपल्या आज्या-पणज्यांनी आखलाय. आणि त्यातलं जवळजवळ सगळं आपल्याच शिवारातलं.

यंत्राला हिशेब खुशाल करू द्या. पण येत्या हंगामात पेरणीला निघण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा, 'उद्या बाजार बंद झाला, तर आपलं किती दिवस निभेल?' ती जे उत्तर देईल, त्यावर पेरा ठरवा.