बुटाच्या पट्ट्याच्या हिशोबात तुमची मजुरी कुठे आहे?



मागच्या व्हिडिओत आपण बुटावर बांधायचा चामड्याचा पट्टा आणि साखळी घरच्या घरी कशी बनवायची ते पाहिलं. त्यानंतर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. "सर, मटेरिअल साडेतीनशेचं आहे, साडेचारशेला विकलं तर शंभर सुटतात ना?"

नाही सुटत. हे ठामपणे सांगतो, कारण याच हिशोबावर मी माझा एक अख्खा सीझन घालवलाय.

गणपतीपुळ्याला दुकान म्हटलं की शंख-शिंपल्यांच्या माळा, कोकम सरबत, आंबापोळी. तेच मीही विकायचो. पण हिवाळ्यात आरे-वारेच्या रस्त्याने बुलेटवाल्यांचे ग्रुप यायला लागले की त्यांच्या पायात जाडजूड बूट दिसायचे, आणि कुणाकुणाच्या बुटाला साखळी. घोट्याभोवती चामड्याची वादी, बाजूला बक्कल, तळव्याखालून टाचेच्या पुढे जाणारी साखळी. मी म्हटलं, हे आपण बनवू शकतो. वादी, साखळी, दोन कड्या, बक्कल, चार रिव्हेट. एवढंच तर आहे!

घरात पहिला प्रश्न आला, "बीबीए करून चामडं शिवणार?" तुमच्यापैकी कितीतरी जणांना हेच ऐकावं लागतं, मला माहीत आहे. माझं मत सरळ आहे. चर्मकार समाजाने ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली आणि आपण त्यांना काय दिलं? गावाच्या कडेची जागा आणि पाच-दहा रुपयांची घासाघीस. लाज वाटायचीच असेल तर त्याची वाटू दे, कामाची नको.

मी शिकलो ते रत्नागिरीतल्या एका म्हाताऱ्या काकांकडे. माझा पहिला पट्टा हातात घेऊन त्यांनी नुसता ओढला, तो लांबला. म्हणाले, "बाळा, हे पोटाचं चामडं आहे, हे ताणतं. पट्टा पाठीच्या चामड्यातून काप." रापी कशी धरायची, आरीने भोक कुठे पाडायचं, कडा घासून मेण कसं लावायचं, हे सगळं त्यांनी चार दिवसांत दाखवलं. चार दिवसांचा त्यांचा धंदा बुडणार होता, म्हणून त्या दिवसांचे पैसे मी आधी हातात ठेवले. तुम्हीही ठेवा. फुकट शिकलेल्या कामाची मजुरी आपण स्वतःलाही फुकटच धरतो, हा माझा अनुभव आहे.

आता चूक सांगतो. पहिल्या लॉटला मी स्वस्तातली साखळी घेतली, लोखंडाची, वर चकचकीत मुलामा. समुद्राची खारी हवा! काही आठवड्यांत गंज. एका गिऱ्हाईकाच्या बुटावर तांबूस डाग पडला आणि त्याने फोटो पाठवला. ११ जोड बदलून द्यावे लागले. म्हणून आता स्टेनलेस स्टीलच वापरतो. ३०४ ग्रेड चालते, किनाऱ्यावर ३१६ जास्त टिकते पण महाग पडते. पितळ गंजत नाही, फक्त काळवंडतं, ते घासून काढता येतं. चामडं वनस्पतीच्या सालीने कमावलेलं घ्या, ते आकार धरून राहतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी येते. आणि गिऱ्हाईकाला स्वतःहून सांगा की साखळी घट्ट बसवा, लोंबती ठेवून गाडी चालवू नका, गिअरमध्ये अडकेल. ओल्या फरशीवरही जपून, धातू घसरतो. असं सांगितल्याने माल कमी खपत नाही, उलट माणूस पुढच्या ट्रिपला परत दुकानात येतो.

आता हिशोब. एका जोडाचा, माझ्या वहीतला:

चामडं ९०, साखळी १२०, बक्कल आणि कड्या ६०, रिव्हेट १०, रंग-दोरा-मेण २०, वाया जाणारा माल ३०, पॅकिंग २०. एकूण ३५०.

मी विकायचो ४५० ला. शंभर सुटले म्हणून खूश! पण दुकानभाडं, लाईट, हत्यारांची झीज हे सगळं वाटून एका जोडामागे ६० रुपये येतात. राहिले ४०. एक जोड बनवायला दीड तास लागतो. त्या सीझनला ४० जोड विकले. म्हणजे ६० तास मान खाली घालून काम आणि हातात १,६०० रुपये. तासाला सत्तावीससुद्धा नाही. माझ्या दुकानात कुणी मुलगा कामाला ठेवला असता तर एवढ्यावर तो दुसऱ्या दिवशी आलाच नसता. मी मात्र रोज येत होतो, कारण "मी मालक"!

आता वहीत पहिली ओळ मजुरीची. तासाला १२०, दीड तासाचे १८०. मग मटेरिअल ३५०, खर्च ६०. झाले ५९०. वर नफा धरून ७५०. गिऱ्हाईक कमी झाले का? थोडे झाले. पण जे आले ते पट्टा हातात घेऊन बघणारे आले.

आंबा घाट चढून कोल्हापूरला चप्पल लाईनमध्ये जाऊन बघा, म्हणजे हा प्रश्न किती जुना आहे ते कळेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाली, मग त्यांनी भारतीय कारागिरीचा उल्लेख मान्य केला. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड इथेच बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर.

लोक म्हणतात, बघा ब्रँडची ताकद. मी म्हणतो, उलट बाजूनेही बघा. त्याच पद्धतीच्या हातकामाला आपण वर्षानुवर्षं "दोनशे कमी करा" म्हणत आलो. बाहेरच्याने भाव लावला तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. जीआय नावाचं रक्षण करतो, मजुरी ठरवून देत नाही. ती ज्याची त्यानेच वहीत लिहायची असते.

यातून एक पथ्यही पाळा. तुमचा पट्टा कोल्हापुरी नसेल तर त्यावर "कोल्हापुरी" लिहू नका, चार पैसे जास्त मिळत असले तरी. स्वतःचं नाव टाका, गावाचं नाव टाका.

आणि जे आधीपासून हाताने हे काम करतात, किंवा ज्यांच्या ओळखीत असे कारागीर आहेत, त्यांनी पीएम विश्वकर्मा योजना बघाच. १८ व्यवसायांत चर्मकाम आहे. हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

या आठवड्याचा गृहपाठ: एकच जोड बनवा, पण मोबाईलवर वेळ लावून. मग वही काढा आणि मटेरिअलच्या आधी तो वेळ लिहा, रुपयांत. तो आकडा बघून पोटात गोळा आला तर घाबरू नका, मलाही आला होता. तो खोडू मात्र नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत, रापीला धार कशी लावायची ते दाखवतो.