बेल्ट लावला नव्हता म्हणे!

मागच्या शनिवारी विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन हायवेवर चहाला थांबलो. शेजारी एका शेडचं काम चालू होतं. कात्रीसारख्या लोखंडी पायांवर वर जाते ती सिझर लिफ्ट, वर पंचवीसेक फुटांवर एक पोरगा, हातात भलामोठा पत्रा. खाली नुकताच टाकलेला मुरूम. तो दबून मशीन एका बाजूला कललं होतं आणि बझर केकाटत होता.

"बेल्टसुद्धा नाही बघ," मित्र म्हणाला. "या लोकांना अक्कल नसते, मग पडतात."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे.

बेल्ट लावायलाच हवा, वाद नाही. माणूस कठड्याबाहेर फेकला जाऊ नये म्हणून तो असतो. पण अख्खी लिफ्टच कलंडली तर? बेल्ट तुम्हाला पडणाऱ्या लिफ्टलाच बांधून ठेवणार! आणि लिफ्ट कलंडते ती भुसभुशीत जमिनीने, जादा वजनाने नाहीतर वाऱ्याने. काही मॉडेल्स फक्त छताखाली वापरायची असतात. उघड्यावर चालणाऱ्यांनाही साधारण ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याची मर्यादा असते, आणि हातातला पत्रा शिडासारखा वारा धरतो. जमीन कोणी निवडली? मॉडेल कोणी भाड्याने आणलं? पत्रे आजच चढवायचे हे कोणी ठरवलं? वरच्या पोराने नक्कीच नाही.

"हे आपल्याकडेच चालतं" म्हणणाऱ्यांसाठी: २७ ऑक्टोबर २०१०, अमेरिकेतलं नोत्र दाम विद्यापीठ. फुटबॉलच्या सरावाचं चित्रण करायला वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सिझर लिफ्टवर चढवलं. वाऱ्याचे झोत ताशी ८० किलोमीटरच्या वर. आपल्याला भीती वाटतेय हे त्याने ट्विटरवर लिहिलंही होतं. लिफ्ट कोसळली, तो गेला. त्याला सुरक्षित ठेवण्यात आम्ही कमी पडलो, हे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. निदान "पोराचीच चूक" असं तरी म्हटलं नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले तर हे ओळखायलाच हवं. सर्व्हर झोपल्यावर 'युजर एरर' लिहून बग बंद करणारा आपल्याला चालतो का? वॉर्निंग दाबून रिलीज करणाऱ्याला आपण काय काय बोलतो? मग बझर वाजत असताना आपण बेल्ट कसला शोधतोय?

न राहवून सुपरवायझरला विचारलं. "तो वाजतच असतो साहेब, सेन्सर बिघडलाय."

"मग तुम्ही चढा ना."

तो हसला. लिफ्ट काही खाली आली नाही. चहाचे पैसे देऊन आम्ही निघालो, आणि तेच आठवडाभर सलतंय.

माझ्या मते नियम एकच हवा: बझर वाजला की वरच्या माणसाने काम थांबवायचं, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी कापायची नाही. मजुरी कापली जाणार असेल तर "नाही चढत" म्हणायची त्याची ऐपतच नसते. उद्या तुमच्या ऑफिसच्या छताला वायरिंग करायला अशीच लिफ्ट येईल. तेव्हा बेल्ट जरूर बघा, पण आधी विचारा, हा थांबला तर याचे पैसे कोण कापणार?

असो.