बेकारीचा विमा कोण उतरविणार?

कामगारविषयक चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या. कामगारकपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन आता तीनशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरतेच उरले आहे. केंद्रीय कायद्यातील पूर्वीची मर्यादा शंभर कामगारांची होती. कामगार काढता येत नाही म्हणून तो घेतलाच जात नाही, असे मालकवर्ग वर्षानुवर्षे सांगत आला. या युक्तिवादाला बगल देण्यात अर्थ नाही. यंत्र बदलले, बाजार फिरला की काही कामे नाहीशी होतात, हे समाजवाद्यालाही नाकारता येणार नाही. मात्र काम गेल्यावर त्या माणसाची चूल कोणी पेटती ठेवायची, याचे उत्तर मालकांनी कधी दिलेले नाही, आणि शासनानेही नाही.

ब्रिटनने काही उद्योगांपुरता का होईना, सक्तीचा बेकारी विमा १९११ साली सुरू केला. आपल्या संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदात बेकारीच्या प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क नमूद आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या अधीन. प्रत्यक्षात कामगाराच्या हाती आली ती १९५३ सालची नुकसानभरपाई : सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. दहा वर्षे घाम गाळणाऱ्यास पाच महिन्यांचा पगार! त्यासाठीही वर्षात २४० दिवस भरावे लागतात; म्हणून ते भरण्याच्या आत ‘ब्रेक’ देण्याची युक्ती निघाली. नव्या संहितेने ही यातायातही वाचविली आहे. ठराविक मुदतीच्या कामगाराची मुदत संपणे ही कपातच नव्हे, असे तिने ठरविले आहे. कपात नाही, तेव्हा भरपाईही नाही. कपात झालेल्यांसाठी कौशल्यनिधी आहे, तोही पंधरा दिवसांच्या वेतनाचा. त्यातून नवे कसब शिकावे, की खोलीचे भाडे द्यावे?

राज्य कामगार विमा योजनेखाली २०१८ मध्ये बेकारांसाठी साहाय्य आले. सरासरी कमाईच्या चौथ्या हिश्शाइतके, आयुष्यात एकदाच, नव्वद दिवसांपुरते. आणि ते मागण्यापूर्वी नव्वद दिवस बेकार राहण्याची अट! करोनाच्या काळात, २०२० साली, साहाय्य निम्म्या कमाईपर्यंत वाढले व प्रतीक्षा तीस दिवसांवर आली. संकटात जे शक्य झाले, ते आधी का अशक्य होते?

दोष आपल्याही पदरी आहे. कामगार चळवळीने कायम कामगाराच्या नोकरीसाठी प्राणपणाने लढे दिले. त्याच खात्यात राबणारा बदली वा कंत्राटी कामगार मात्र फाटकाबाहेरच्या सभेपुरता आपला राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरणी कामगारांना कामावर परतता आले नाही, त्यांच्या घरांनी बेकारभत्त्याविना ती वर्षे कशी काढली, हे गिरणगावाने पाहिले आहे. तरीही बेकारी विमा ही आपली पहिली मागणी झाली नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न विचारला जाईलच. जुलै २०१९ मध्ये राज्य कामगार विम्यातील मालकांची वर्गणी वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणली गेली. तो दीड टक्का परत घ्यावा, केवळ बेकारी विम्यासाठी राखून ठेवावा, आणि त्यात कंत्राटी व मुदतीच्या कामगारांची नावे प्रथम घालावीत. कामगार काढण्याची मोकळीक ज्यांना हवी होती, त्यांना ती मिळाली आहे. तिची ही किंमत त्यांच्याकडे मागण्यास संघटनांनी आता संकोच करू नये.